निवृत्त पिस्तूल आणि त्याचे कागद

नैऋत्य जर्मनीतील एका लहानशा विद्यापीठनगरात मी दहा वर्षे राहिलो. तेथील शेवटच्या तीन वर्षांत माझ्या मालकीचे एक पिस्तूल होते. हे वाक्य मी भारतात उच्चारले की ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर दोनपैकी एक भाव उमटतो. काहींना मी धोकादायक वाटू लागतो, तर काहींना एकाएकी मोठा माणूस. जर्मनीत हेच सांगितले की लोक फक्त विचारीत, ‘कोणत्या क्लबात जाता?’ शस्त्राविषयी दोन समाजांनी ज्या दोन वेगळ्या धारणा करून घेतल्या आहेत, त्यांतले अंतर या प्रतिक्रियांत आहे.

ते पिस्तूल वाल्थर कंपनीचे पी-१. जर्मन सैन्यातून निवृत्त झालेले. त्याची वंशावळ थोडी सांगायला हवी. १९३८ मध्ये जर्मन लष्कराने जुन्या पी-०८ म्हणजे लुगर पिस्तुलाच्या जागी वाल्थरचे पी-३८ स्वीकारले. लुगर देखणे, पण बनवायला महाग आणि चिखल-धुळीपुढे नाजूक. पी-३८ तुलनेने साधे आणि खणखणीत. नळीत गोळी भरून, घोडा खाली ठेवून ते निर्धास्त बाळगता येई आणि वेळ आली की नुसता चाप ओढून पहिली गोळी झाडता येई. पुढच्या अनेक लष्करी पिस्तुलांनी हीच रीत उचलली. युद्ध संपले तेव्हा थुरिंगिया प्रांतातील वाल्थरचा मूळ कारखाना सोव्हिएत ताब्यात गेला. फ्रिट्झ वाल्थर पश्चिमेला आले आणि त्यांनी उल्म येथे पुन्हा बस्तान बसवले. १९५५ मध्ये पश्चिम जर्मनीने नवे सैन्य उभारले, तेव्हा त्याला पिस्तूल हवे होते. १९५७ पासून तेच पी-३८ अॅल्युमिनियमच्या हलक्या सांगाड्यासह पुन्हा तयार होऊ लागले. १९६३ मध्ये त्याचे नाव बदलून पी-१ करण्यात आले. वस्तू जवळपास तीच होती. फक्त नावातले ‘३८’ पुसले गेले.

ते पुसण्यामागे काय होते, हे कोणी मुद्दाम सांगत नाही. हाम्बुर्गजवळच्या नॉयेनगाम छळछावणीत वाल्थरचा कारखाना होता आणि तेथे कैद्यांकडून बंदुकांचे भाग बनवून घेतले जात. मी त्या स्मारकाला एकदा जाऊन आलो होतो. पिस्तूल घेताना ते माझ्या डोक्यात नव्हते असे म्हणणे खोटे ठरेल. पण माझ्या पिस्तुलावर ठसा होता तो १९७८ चा, म्हणजे संसदेला उत्तर देणाऱ्या सैन्याचा. या तपशिलाने मी माझे समाधान करून घेतले. ते कितपत खरे, हा प्रश्न वेगळा.

१९९० च्या दशकात जर्मन सैन्याने पी-८ हे नवे पिस्तूल घेतले आणि पी-१ हळूहळू कोठारात जाऊन पडली. त्यातली बरीच व्यापाऱ्यांमार्फत नागरी बाजारात आली. मला ते अडीचशे युरोंना मिळाले. आपल्याकडे जुन्या जर्मन पिस्तुलाचे काय होते ते पुढे सांगतो. येथे एवढेच, की ज्या तिजोरीत ते ठेवण्याची कायद्याने सक्ती होती, ती तिजोरी मला पिस्तुलापेक्षा महाग पडली.

या अडीचशे युरोंच्या वस्तूपर्यंत पोहोचायला मला जवळजवळ दोन वर्षे लागली. जर्मन कायद्यात शस्त्र बाळगण्याचा हक्क नाही. शस्त्राची ‘गरज’ सिद्ध करावी लागते. शिकारी, नेमबाज, संग्राहक अशा मोजक्या वर्गांचीच गरज मान्य होते. स्वसंरक्षण हे कारण तेथे जवळजवळ चालतच नाही. मी अर्ज केला तो नेमबाज म्हणून. त्यासाठी मान्यताप्राप्त महासंघाशी जोडलेल्या क्लबात किमान बारा महिने सदस्य असावे लागते आणि त्या काळात नियमित सराव केल्याची नोंद दाखवावी लागते: महिन्याला एकदा किंवा वर्षातून अठरा वेळा. मग शस्त्रज्ञानाची परीक्षा, लेखी आणि प्रत्यक्ष. मग महासंघाचे प्रमाणपत्र, की अमुक स्पर्धाप्रकारासाठी या सदस्याला अमुक प्रकारचे शस्त्र हवे आहे. त्यानंतर जिल्हा कार्यालयाकडून पार्श्वभूमीची चौकशी. परदेशी नागरिकाने देशात पाच वर्षे वास्तव्य केलेले नसेल, तर कार्यालय परवाना नाकारू शकते. मी सातवे वर्ष काढत होतो. आणि शेवटी तिजोरी, विशिष्ट प्रतीची, तिच्या पावतीसह.

एवढे झाल्यावर हाती येते ते शस्त्रधारक पत्र: घडीचा एक हिरवा कागद. त्यावर कार्यालय आधी नोंद करते, की या व्यक्तीला या व्यासाचे एक पिस्तूल घेण्याची मुभा आहे. ही मुभा एक वर्ष टिकते. खरेदी झाली की दोन आठवड्यांच्या आत पुन्हा कार्यालयात जाऊन क्रमांक लिहून घ्यायचा. या सगळ्यात माझ्याशी कोणी उद्धटपणे बोलले नाही, कोणी ‘वरून फोन आणा’ म्हटले नाही, आणि कोणी घाईही केली नाही.

क्लब गावाबाहेर, जंगलाच्या कडेला होता. आत शिरताच बंदुकीच्या तेलाचा आणि जुन्या कॉफीचा मिश्र वास येई. सदस्यांत एक निवृत्त पोस्टमन, एक शाळाशिक्षिका, दोन सुतार बंधू आणि एक दंतवैद्य होते. मला शिकवले ते त्या पोस्टमन आजोबांनी. पहिले तीन महिने त्यांनी मला फक्त .२२ च्या स्पर्धा पिस्तुलावर ठेवले. ‘मोठा आवाज माणसाला फसवतो,’ ते म्हणत. ‘आधी चाप शिक, मग आवाज.’

पी-१ पहिल्यांदा हातात घेतले तो दिवस मला नीट आठवतो. कातडी म्यानात वर्षानुवर्षे घासून नळीच्या तोंडाजवळचा काळा रंग उडाला होता, मुठीच्या कडा गुळगुळीत झाल्या होत्या. पण नळी आतून जवळपास नवी होती. आजोबा हसले. सैन्याची पिस्तुले अशीच असतात, ते म्हणाले. ती रोज वाहिली जातात, झाडली क्वचितच जातात. सांगाड्याच्या मधोमध एक षटकोनी पोलादी खिळा आरपार गेलेला होता. अॅल्युमिनियमला तडे जाऊ लागल्यावर नंतरच्या पिस्तुलांत तो बसवला गेला. जुन्या पिस्तुलात तो नसेल तर घेऊ नये, हा क्लबातला अलिखित नियम.

पंचवीस मीटरवर मी पहिली गोळी झाडली ती लक्ष्याच्या कागदालाही लागली नाही. घोडा खाली असताना पहिला चाप फार जड आणि लांब असतो. बोट ओढता ओढता सगळा हातच खाली झुकतो. दुसऱ्या गोळीपासून घोडा आपोआप मागे गेलेला असतो, चाप हलका होतो, आणि सवय नसेल तर तो अपेक्षेआधीच सुटतो. एकाच यंत्राचे दोन स्वभाव सांभाळायचे. मॅगझिनमध्ये आठ गोळ्या. ते काढायची कळ मुठीच्या तळाशी, त्यामुळे दुसरा हात लागतोच. शिवाय बहुतेक पिस्तुलांच्या रिकाम्या पुंगळ्या उजवीकडे उडतात, पी-१ च्या डावीकडे. शेजारच्या ओट्यावरच्या शाळाशिक्षिकेच्या आणि माझ्या मध्ये लाकडी आडोसा होता म्हणून निभावले. सहा महिन्यांनी माझ्या पाच गोळ्या बशीएवढ्या वर्तुळात बसू लागल्या. यात मला आनंद होत असे, हे कबूल करायला हवे. शस्त्रांवर धोरणात्मक लेख लिहिणारे बरेच जण या आनंदाचा उल्लेख टाळतात. मग त्यांची गाठ ज्या लोकांशी असते त्यांना त्यांचे म्हणणे पटत नाही.

एका मंगळवारी संध्याकाळी दारावरची घंटा वाजली. जिल्हा कार्यालयाचे दोन कर्मचारी, पूर्वसूचनेशिवाय. ओळखपत्रे दाखवली, तिजोरी पाहिली, पिस्तुलाचा क्रमांक त्यांच्या यादीशी ताडून पाहिला. चहा नको म्हणाले. दहा मिनिटांत गेले. ही तरतूद २००९ नंतरची. त्या वर्षी मार्चमध्ये विनेंडेन गावात एका सतरा वर्षांच्या मुलाने पंधरा जणांना ठार मारून स्वतःला संपवले. पिस्तूल वडिलांचे होते; ते क्लबचे सदस्य होते, परवाना रीतसर होता, आणि ते पिस्तूल तिजोरीत नव्हते, शयनगृहात होते. त्याआधी २००२ मध्ये एरफुर्टच्या शाळेत सोळा जणांचा बळी घेणारा माजी विद्यार्थीही नेमबाजी क्लबचा सदस्य होता. प्रत्येक हत्याकांडानंतर जर्मन कायद्यात एकेक कलम वाढत गेले: वयाची अट, तरुणांसाठी मानसिक क्षमतेचा दाखला, विनासूचना तपासणी, २०१३ पासून राष्ट्रीय शस्त्रनोंद, २०२० पासून अंतर्गत गुप्तचर संस्थेकडे चौकशी. तरीही त्याच वर्षी फेब्रुवारीत हनाऊमध्ये वंशद्वेषाने नऊ जणांना मारणाऱ्याकडे परवाना होताच. मार्च २०२३ मध्ये हाम्बुर्गमधील यहोवाच्या साक्षीदारांच्या प्रार्थनागृहावर हल्ला करणाऱ्याविषयी तर कार्यालयाकडे आधी निनावी पत्र आले होते. कर्मचारी त्याच्या घरी जाऊन, तिजोरी पाहून, समाधानाने परतले होते. माझ्याकडे आले होते तसेच. त्यामुळे जर्मन व्यवस्था निर्दोष आहे असे सांगण्यासाठी मी हे लिहीत नाही. तिजोरी तपासता येते, माणसाचे मन तपासता येत नाही. पण त्या देशात सुमारे पन्नास लाख नोंदलेली शस्त्रे आहेत आणि त्यातले प्रत्येक आज कोणाच्या तिजोरीत आहे हे राज्याला माहीत असते, हेही तेवढेच खरे.

मात्र हाच देश आपली तीच पिस्तुले सीमेबाहेर पाठवतो तेव्हा काय करतो? येथे माझ्या पी-१ च्या भावंडांची कथा सुरू होते. २००६ मध्ये जर्मनीने सुमारे दहा हजार पी-१ पिस्तुले अफगाण सुरक्षा दलांसाठी दिली. काही वर्षांतच त्यातली काही काळ्या बाजारात विकली जात असल्याच्या बातम्या जर्मन माध्यमांत आल्या. २०१४ मध्ये ‘इस्लामिक स्टेट’विरुद्ध लढणाऱ्या कुर्दी पेशमर्गांना जर्मनीने शस्त्रे पाठवायला सुरुवात केली, त्यात आठ हजार पी-१ होती. जानेवारी २०१६ मध्ये जर्मन नभोवाणीच्या वार्ताहरांना उत्तर इराकमधील एर्बिल व सुलेमानिया येथील शस्त्रबाजारात जर्मन सैन्याची जी-३ रायफल आणि पी-१ पिस्तूल विकायला ठेवलेले दिसले. पगार थकलेल्या सैनिकांनी ती विकल्याचे त्या बातम्यांत म्हटले होते. माझे एक पिस्तूल तपासायला दोन कर्मचारी घरी येत होते; त्याच कोठारातून गेलेली हजारो पिस्तुले तपासायला कोणी नव्हते. मार्च २०१५ मध्ये जर्मनीने लहान शस्त्रांच्या निर्यातीचे नवे नियम केले: नवी शस्त्रे घेणाऱ्या देशाने त्या बदल्यात जुनी नष्ट करावीत. नियम चांगला आहे. पण अशी अट घालणाऱ्या देशाने स्वतःची जुनी शस्त्रे युद्धभूमीवर दान करावीत, यातली विसंगती जर्मन संसदेतही बोलली गेली.

भारतीय वाचकाला हे दूरचे वाटू नये. अफगाणिस्तानात सैल सुटलेले शस्त्र कोणत्या दिशेने वाहते, हे आपण १९८० च्या दशकापासून पाहत आलो आहोत. पंजाब आणि काश्मीरने त्याची किंमत मोजली आहे.

आता आपल्या घराकडे. पी-१ मला भारतात आणता आलेच नसते. त्याचा व्यास ९ मिलिमीटर, म्हणजे आपल्या कायद्याने ‘निषिद्ध बोर’. तो सैन्य व पोलिसांसाठी राखीव असतो आणि नागरिकाला त्याचा परवाना केवळ केंद्रीय गृह मंत्रालय, तेही अपवाद म्हणून देते. जे चालते ते .३२ चे पिस्तूल. त्यातही १९८० च्या दशकाच्या मध्यापासून नागरी आयात बंद असल्याने आधी देशात आलेली परदेशी पिस्तुले हातोहात फिरत राहिली आणि त्यांचे भाव लाखांच्या घरात गेले. जर्मनीत निवृत्त पिस्तूल ही स्वस्त, जुनी, किंचित कंटाळवाणी वस्तू आहे. आपल्याकडे तसेच जर्मन पिस्तूल ही प्रतिष्ठेची मिरवणूक. सीमाशुल्क विभागाने जप्त केलेली परदेशी शस्त्रे खासदार आणि काही वरिष्ठ अधिकाऱ्यांना स्वस्तात विकण्याची पद्धत वर्षानुवर्षे चालली. राज्याने जप्त केलेले शस्त्र राज्यकर्त्याच्याच कमरेला यावे, याचे फारसे कोणाला काही वाटले नाही.

हा प्रतिष्ठेचा रोग जुना आहे. लॉर्ड लिटनच्या १८७८ च्या कायद्याने भारतीयांना परवान्याची सक्ती केली आणि युरोपियनांना सूट दिली. तेव्हापासून परवाना म्हणजे साहेबाची मर्जी, हे समीकरण बसले. त्या अपमानाची जखम इतकी खोल होती, की १९३१ च्या कराची काँग्रेसच्या मूलभूत हक्कांच्या ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्कही होता. डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत ह. वि. कामथ यांनी तोच हक्क संविधानात यावा म्हणून दुरुस्ती मांडली. डॉ. आंबेडकरांनी तिला विरोध केला. ज्याला वाटेल त्याला बाजारात जाऊन शस्त्र घेता येऊ लागले तर राज्य चालवायचे कसे, असा त्यांचा साधा प्रश्न होता. दुरुस्ती फेटाळली गेली. या बाबतीत आंबेडकर बरोबर होते असे माझे मत आहे, आणि पी-१ बाळगून ते बदलले नाही. पण १९५९ च्या कायद्याने साहेबाची मर्जी जाऊन तेथे नियम आला का? जिल्हाधिकाऱ्याच्या स्वेच्छाधिकाराने ती जागा घेतली, असेच मला दिसते.

आकडे पाहा. गृह मंत्रालयाच्या नोंदीनुसार २०१६ अखेर देशात सुमारे ३३ लाख ७० हजार शस्त्रपरवाने होते. त्यातले सुमारे १२ लाख ७८ हजार एकट्या उत्तर प्रदेशात. जम्मू-काश्मीरमध्ये २०१२ ते २०१६ या काळात सुमारे २ लाख ७८ हजार परवाने गैरमार्गाने दिले गेल्याचा आरोप आहे. त्याची केंद्रीय अन्वेषण विभाग चौकशी करत आला आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांत प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र आहे, सुरक्षित साठवणीची हमी आहे. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीला तीनऐवजी दोनच शस्त्रांची मुभा ठेवली, लग्नातल्या हवेतल्या गोळीबाराला शिक्षा आली. कागद वाईट नाही. पण परवानाधारकाच्या घरी जाऊन कपाट उघडून पाहणारे कोणी येते का? मी ओळखीच्या सात-आठ परवानाधारकांना विचारले. एकाकडेही कधी कोणी आलेले नव्हते. निवडणुकीच्या काळात मात्र सर्वांनी शस्त्रे ठाण्यात जमा केली होती. म्हणजे शस्त्र कोठे आहे हे राज्याला पाच वर्षांतून काही आठवडेच हवे असते.

आणि हे झाले परवान्याच्या शस्त्रांचे. आपल्याकडे बंदुकीने होणाऱ्या बहुसंख्य हत्या विनापरवाना शस्त्रांनी होतात, हे राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचे अहवाल वर्षानुवर्षे सांगतात. अठराव्या शतकात मीर कासिमने बिहारमधील मुंगेरला राजधानी नेली तेव्हापासून तेथे शस्त्रकारागिरांची वस्ती आहे. सरकारमान्य बंदूक कारखान्यांना कामे मिळेनाशी झाली, आणि तोच कसबी हात देशी कट्टा आणि ९ मिलिमीटरच्या पिस्तुलाची नक्कल करू लागला. जो व्यास कायद्याने निषिद्ध, तोच चोरट्या बाजारात सर्वांत जास्त मागणीचा. फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विनापरवाना शस्त्रांच्या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली आणि भारतात शस्त्र हा मूलभूत हक्क नाही याची आठवण करून दिली. हक्क नाही, हे ठीक. पण पोलिसांनी पकडलेला कट्टा मालखान्यात किती वर्षे पडून राहतो, खटला संपल्यावर तो नष्ट झाला की नाही, निवृत्त झालेली सरकारी शस्त्रे कोठे गेली, यांचा एकत्रित हिशेब नागरिकाला पाहायला मिळत नाही. उत्तर प्रदेश पोलिसांनी २०२० मध्ये .३०३ रायफलीला समारंभपूर्वक निरोप दिला. निरोपाची छायाचित्रे छापून आली. त्यानंतर त्या रायफलींचे काय झाले, याच्या बातम्या मात्र माझ्या वाचनात आल्या नाहीत.

परतायचे ठरले तेव्हा माझ्यापुढे दोन वाटा होत्या. पिस्तूल परवाना असलेल्या दुसऱ्या नेमबाजाला विकायचे, किंवा कार्यालयात नष्ट करण्यासाठी द्यायचे. दंतवैद्य दोनशे युरो द्यायला तयार होते. मी दोन आठवडे विचार केला. सुलेमानियाच्या बाजारातले ते पिस्तूल मनातून जात नव्हते. तर्काने पाहिले तर माझे एक नष्ट झाल्याने जगात काही फरक पडणार नव्हता, आणि दंतवैद्यांच्या तिजोरीत ते माझ्याकडल्याइतकेच सुरक्षित राहिले असते. तरीही मी ते कार्यालयात नेले, कुलूपबंद पेटीत, रिकामे, नियमाप्रमाणे.

खिडकीपलीकडच्या बाईंनी क्रमांक दोनदा वाचला, हिरव्या कागदावरच्या नोंदीवर आडवी रेघ मारली, शिक्का उमटवला. ‘स्मरण म्हणून काही हवे आहे का?’ त्यांनी विचारले. मला समजले नाही. ‘काही लोक मुठीच्या प्लास्टिकच्या पट्ट्या मागतात,’ त्या म्हणाल्या. मी नको म्हटले. पोस्टमन आजोबांना हे कळल्यावर ते बराच वेळ माझ्याशी बोलले नाहीत. १९७८ मध्ये ते स्वतः सैन्यात होते. मग तिजोरीचे काय करणार, असे त्यांनी विचारले, आणि क्लबात नुकत्याच आलेल्या एका नर्सला ती मी निम्म्या किमतीत द्यावी असे त्यांनीच ठरवून टाकले. तिच्या सदस्यत्वाला अजून चार महिनेच झाले होते. शनिवारी दोघा सुतार बंधूंनी ती रिकामी तिजोरी जिन्यावरून खाली नेली.